आधी घोड्याचं पाणी

इंडियाना राज्याच्या दक्षिणेला ब्राउन काउंटी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला त्या टेकड्याच वाटतील. पण उत्तरेकडून मक्या-सोयाबीनच्या सपाट रानातून येणाऱ्याला चढउतार एकदम जाणवायला लागतात आणि रस्ता झाडीत शिरतो. इथलं ब्राउन काउंटी स्टेट पार्क १९२९ साली सुरू झालं. जवळजवळ १६,००० एकरांचं हे राज्यातलं सगळ्यांत मोठं उद्यान. उत्तरेच्या फाटकातून आत जाताना छप्पर असलेला एक लाकडी पूल लागतो. घोडागाड्यांच्या काळातला, १८३८ साली बांधलेला, १९३२ मध्ये मूळ जागेवरून हलवून इथं बसवलेला. ज्या पुलावरून जवळजवळ शंभर वर्षं घोडे गेले, त्यातून आज घोड्यांचा ट्रेलर जात नाही. छप्पर ठेंगणं पडतं. घोडेवाल्यांचं फाटक वेगळं आहे, आणि पानगळीचे रंग बघायला आलेली माणसं तिकडे सहसा फिरकत नाहीत.

ऑक्टोबरात इथं मोटारींच्या रांगा लागतात, त्यांत मराठी कुटुंबंही असतात. शेजारच्या कोलंबस गावात कमिन्स कंपनीचं मुख्यालय आहे. कंपनीचा पुण्याशी संबंध १९६२ पासूनचा, किर्लोस्कर कमिन्सच्या दिवसांपासूनचा. त्यामुळे पुण्याकडची कितीतरी माणसं कोलंबसला घरं करून राहिली आहेत. ४६ क्रमांकाच्या रस्त्यानं अर्ध्या-पाऊण तासात पार्क येतं. डबे घेऊन यायचं, टेकडीवरून लाल-पिवळं रान बघायचं, फोटो काढायचे, अंधार पडायच्या आत घरी. माझा भाचा त्यांच्यातलाच. त्याच्या ओळखीच्या एक बाई, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, शनिवार-रविवारी आपली घोडी घेऊन याच पार्कात मुक्कामाला जातात, हे त्याला कळलं तेव्हा तो मला म्हणाला, “मावशी, तुला असलं बघायला आवडेल.” म्हणून आम्ही गेलो.

घोडेवाल्यांच्या कॅम्पची आखणी पाहिली की हा मुक्काम कुणासाठी आहे ते लगेच कळतं. साध्या कॅम्पमध्ये तंबूपुरती सपाट जागा, एक बाक, शेकोटीचं लोखंडी कडं, एवढ्यात काम भागतं. इथली जागा लांबलचक हवी, कारण मोठ्या पिकअपच्या मागं तीन-चार घोड्यांचा ट्रेलर जोडलेला असतो आणि ते धूड वळवायला-लावायला पुरेसा वाव लागतो. जमिनीवर खडी टाकून ती घट्ट केलेली, नाहीतर खुरांनी एका पावसात चिखल होतो. कडेला घोडे बांधायचे खांब. लीद टाकायची जागा ठरलेली. पुष्कळ ट्रेलरांच्या पुढच्या भागात माणसांसाठी पलंग आणि छोटीशी शेगडी असते, मागच्या भागात घोड्यांचे कप्पे. मधे फक्त एक पत्र्याची भिंत. संडास-न्हाणीघर थोडं चालत जाण्याच्या अंतरावर असतं. घोडा मात्र उशापासून दहा-पंधरा पावलांवर.

बाई आल्या आणि ट्रेलरचं दार उघडण्यापूर्वीच त्यांनी आम्हांला बाजूला उभं केलं. “खाली उतरल्यावर ती आधी आजूबाजूला बघेल. तोवर कुणी बोलायचं नाही.” कुमैत रंगाची ती घोडी उतरली, मान उंच करून तिनं चारी दिशांना पाहून घेतलं, नाकपुड्या फुगवून फुरफुरली आणि मग एकदम सैल झाली. त्यानंतर जे सुरू झालं त्यात घटकाभर तरी माणसांच्या सोयीचं एकही काम नव्हतं. बादलीभर पाणी. गवताची जाळी टांगणं. चारी खूर उचलून खडे काढणं, नाल हलतो का ते पाहणं. प्रवासात घामेजलेल्या पाठीवरून खरारा. आम्ही आणलेला चिवड्याचा डबा गाडीतच राहिला आणि आम्हांलाही तो मागायचं सुचलं नाही.

पाण्याचा हिशेब ऐकून भाचा चकित झाला. साधारण साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला २० ते ४० लिटर पाणी पितो. उन्हाळ्यात चढावर राबला तर त्याहूनही जास्त. आठ-दहा किलो वाळलेलं गवत खातो. पण अडचण पाण्याच्या मापाची नसते, घोड्याच्या नाकाची असते. नव्या जागच्या पाण्याला वेगळा वास येतो आणि तहानलेला घोडासुद्धा तोंड फिरवतो. म्हणून जाणती माणसं घरचं पाणी ड्रममधून आणतात, किंवा निघण्याच्या आठवडाभर आधीपासून घरच्याच पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालायला लागतात. मग परक्या पाण्यातही तोच रस घातला की घोडा ते आपलं म्हणून पितो. हे लाड नाहीत. घोड्याला उलटी करता येत नाही. त्याच्या मोठ्या आतड्यात गवत आंबवून पचवणाऱ्या जिवाणूंची सगळी वस्ती असते, आणि चारा एकदम बदलला किंवा पाणी कमी पडलं की पोटशूळ उठतो. घोडा वळून वळून आपल्याच कुशीकडे बघायला लागतो, खुरानं जमीन उकरतो, खाली पडून लोळतो. आतड्याला पीळ पडला तर काही तासांत प्राण जातात. रानातल्या मुक्कामात जनावरांचा डॉक्टर जवळ नसतो. बाई दर थोड्या वेळानं घोडीच्या कुशीला कान लावून पोटाची गुडगुड ऐकत होत्या. त्यांनी मलाही ऐकवली. ती थांबली की काळजी करायची.

मला या सगळ्या मुक्कामात सर्वांत मोलाचं वाटलं ते हेच. माणसं सुट्टीवर आलेली असतात, पण त्यांच्या सुट्टीचं वेळापत्रक दुसऱ्याच एका जिवाच्या पोटावर आणि पायांवर लागलेलं असतं, आणि त्याची त्यांना जराही तक्रार नसते. आपण सहलीला जातो ते चार दिवस कुणाचं काही करावं लागू नये म्हणून. ही माणसं चार दिवस मनापासून दुसऱ्याचं करता यावं म्हणून जातात.

आता बांधण्याचं बघा. सिनेमात स्वार उतरतो आणि लगाम झाडाला अडकवून निघून जातो. खऱ्या कॅम्पमध्ये असं केलं तर शेजारचे लोक येऊन सांगतील. बांधलेला घोडा कंटाळतो, साल कुरतडतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो. उकरता उकरता मुळं उघडी पडतात, त्यांच्यावर शेकडो किलोंचं वजन येत राहतं आणि काही वर्षांनी ते झाड वाळतं. एका घोड्यानं नाही, पण दर शनिवारी नवा घोडा त्याच झाडाला लागला तर नक्की. म्हणून जिथं खांब नाहीत तिथं हायलाइन लावतात. दोन दणकट झाडांना आधी रुंद पट्टे गुंडाळायचे, म्हणजे दोर सालीत रुतत नाही. मग त्या पट्ट्यांना सात-एक फुटांवर आडवा दोर ताणून बांधायचा. घोड्यांचे दोर त्या ताणलेल्या दोराच्या मधल्या भागाला जोडायचे, झाडांपासून सात-आठ फूट सोडून. ढील नेमकी हवी. घोड्याला डोकं जमिनीपर्यंत नेता आलं पाहिजे, पण दोरात पाय अडकता कामा नये. बाईंची केंटकीहून आलेली मैत्रीण ही ढील मोजायला फूटपट्टी वापरत नव्हती. घोड्याची म्होरकी धरून त्याचं डोकं खाली आणायची, दोर किती उरतो ते बघायची, वीतभर कमी करायची, पुन्हा बघायची. तीन घोडे, प्रत्येकाची उंची वेगळी, प्रत्येकाची ढील वेगळी.

ही दावण बघताना मराठी माणसाला आपल्याकडचे शब्द आठवल्याशिवाय राहत नाहीत. आगाडी, पिछाडी, तोबरा, चंदी, मोतद्दार. पुढून आगाडीचे दोर, मागून पिछाडीचे, असा घोडा मुक्कामाला लागे. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. या कॅम्पमध्ये सगळे शिलेदारच. चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र शाळेत आपल्याला रयतेविषयीच्या कळवळ्यासाठी शिकवलं जातं. ते पुन्हा वाचा, त्याचा निम्मा भाग घोड्याच्या चाऱ्याविषयी आहे. दाणा-गवत आत्ताच बेहिशेब उडवलंत तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल, असा त्यातला कार्यकारणभाव आहे. आणि पुढं आगीची धास्ती. कुणी निष्काळजीपणे चूल पेटवेल, कुणी चिलमीसाठी विस्तव नेईल, कुणी दिवा तसाच ठेवील आणि उंदीर जळती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल. इंडियानातल्या कॅम्पमध्ये शेकोटीपासून गवताचे गठ्ठे दूर ठेवायला सांगतात, आणलेल्या चाऱ्यावर भागवा, जनावर इथल्या रानात मोकळं चरायला सोडू नका असं सांगतात, तेव्हा ती दोन्ही कलमं मला ओळखीची वाटली. घोडे घेऊन राहणाऱ्या माणसांच्या काळज्या साडेतीनशे वर्षांत फारशा बदललेल्या नाहीत.

एक काळजी मात्र खास या मुलखातली. ज्या लाल पानांसाठी लोक लांबून येतात, त्यांतलं एक झाड घोड्याला विष आहे. रेड मेपल. हिरवी पानं तेवढी बाधत नाहीत. पण वादळात मोडलेल्या फांदीवरची किंवा गळून वाळलेली पानं जेमतेम किलो-दीड किलो पोटात गेली तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते, आणि घोडा वाचेलच असं नाही. रानटी चेरीची कोमेजलेली पानं सायनाइडमुळे घातक. काळ्या अक्रोडाचा भुसा तबेल्यात अंथरला तर खुरांच्या आतला भाग सुजतो आणि घोडा पाय टेकू शकत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात जागा ताब्यात घेतली की इथले घोडेवाले आधी वर बघतात, कोणकोणती झाडं आहेत ते. मग खाली बघतात आणि दाताळ्यानं पालापाचोळा बाजूला ओढतात. आम्हीही ओढला. रान किती सुंदर आहे हे आम्ही त्या दिवशी जमिनीकडे बघत, एकेक पान ओळखत शिकलो.

केंटकीच्या मैत्रिणीच्या गाडीच्या कप्प्यात प्रत्येक घोड्याचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेले होते. राज्याची हद्द ओलांडून जनावर न्यायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो आणि रक्ततपासणीचा अहवाल लागतो. या तपासणीला सगळे ‘कॉगिन्स’ म्हणतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या लेरॉय कॉगिन्स यांनी १९७० च्या सुमारास ती शोधली. घोड्यांना होणारा एक सांसर्गिक रक्तक्षय असतो. गोमाश्या एका घोड्याला चावून, तोंडाला लागलेलं रक्त घेऊन लगेच दुसऱ्यावर बसल्या की तो पसरतो. त्यावर लस नाही, औषध नाही. तपासणीत दोष निघाला तर घोड्याला मरण द्यावं लागतं, नाहीतर इतर घोड्यांपासून किमान २०० यार्डांवर जन्मभर एकटं ठेवावं लागतं. घोडा हा कळपाचा प्राणी. ती जन्मठेप त्याला कशी जात असेल याचा विचार करवत नाही. जिथं वेगवेगळ्या गावांचे घोडे दहा-दहा फुटांवर रात्र काढतात तिथं या एका कागदाचं महत्त्व सगळे जाणतात. अहवालात घोड्याच्या कपाळावरचा टिळा, पायांवरचं पांढरं, अंगावरचे भोवरे असं सगळं नोंदलेलं असतं, म्हणजे एकाचा कागद दुसऱ्याच्या नावावर खपवता येत नाही.

पश्चिमेकडच्या राज्यांत गवतालाही दाखला लागतो. तिथल्या राष्ट्रीय वनांत नेलेला चारा तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचं प्रमाणपत्र हवं, आणि त्याची खूण म्हणून गठ्ठ्यांना ठरावीक रंगाची सुतळी बांधलेली असते. घोड्यानं घरी खाल्लेलं बी डोंगरात लिदेतून पडतं आणि तिथं परकं तण माजतं, हे त्यामागचं कारण. म्हणून निघण्यापूर्वी दोन-तीन दिवस घरीही तसलंच गवत घालायला सांगतात. इंडियानात सर्वांत मोठा धसका जळाऊ लाकडाचा. अॅश नावाच्या झाडांना पोखरणारा हिरवा भुंगा आशियातून आला, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला, २००४ मध्ये इंडियानात. लाकडातून त्याची अळी प्रवास करते, म्हणून शेकोटीचं लाकूड शक्यतो घरून आणायचं नाही, प्रमाणित लाकूड विकत घ्यायचं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. या रानांतले अॅश वृक्ष उभ्या उभ्या वाळले.

रात्री कॅम्पमध्ये आवाज कोणते येतात ते सांगते. गवत चावण्याचा, अखंड. एखाद्याचं फुरफुरणं. खडीवर एक टाप. घोडा उभ्यानं झोपतो हे आपण ऐकलेलं असतं. त्याच्या पायांतले स्नायुबंध सांधे जागच्या जागी अडकवून ठेवतात, त्यामुळे तोल जात नाही. पण स्वप्नांची गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय लागत नाही, आणि ती दिवसभरात अर्ध्या-एक तासाच्या वर क्वचितच असते. परक्या जागी पहिल्या रात्री कित्येक घोडे आडवे होतच नाहीत. बाईंची घोडी मध्यरात्रीनंतर केव्हातरी बसली, मग कुशीवर झाली. तिच्या शेजारचे दोघे तोवर ताठ उभे होते. ती उठल्यावर त्यांतला एक बसला. कळपातलं कुणीतरी जागं राहतंच.

सुटलेला घोडा ही तिथली सर्वांत मोठी भीती. गाठ सुटली, हरणं दचकवून गेली, विजेचा कडकडाट झाला, की जनावर अंधारात रस्त्याकडे धावत सुटतं. म्हणून आयाळीत फोन नंबराची चकती वेणीसारखी गुंफून ठेवतात. म्हणून रात्री लघवीला उठलेला प्रत्येक माणूस आपल्याच नाही, शेजाऱ्याच्या दावणीवरही बॅटरीचा झोत टाकून घोडे मोजतो. मी स्वतः उठले तेव्हा मीही मोजले.

सकाळी वाटेवर. या पार्कात घोड्यांसाठी सुमारे ७० मैलांच्या वाटा आहेत. सायकलींच्या वाटा वेगळ्या, चालणाऱ्यांच्या वेगळ्या, पण कुठं ना कुठं गाठ पडतेच. तेव्हा नियम असा की सायकलवाल्यानं सगळ्यांना वाट द्यायची आणि चालणाऱ्यानं घोड्याला. मी पायी होते. बाईंनी मला उताराच्या बाजूला उभं राहायला सांगितलं, कारण चढाच्या अंगाला, डोक्यावर, काही दिसलं की घोड्याला हिंस्र श्वापद टपून बसल्यासारखं वाटतं. आणि बोलत राहा म्हणाल्या. पाठीवर पिशवी घेतलेला गप्प माणूस घोड्याला माणूस वाटत नाही. मी मराठीतच बोलले. जवळ आलेल्या त्या कुमैत घोडीचा माझ्याकडचा कान आधी वळला, मग डोळा, आणि मग मान खाली घालून ती निघून गेली.

चिखल हा घोडेवाल्यांच्या आणि इतरांच्या भांडणाचा खरा विषय. दक्षिण इंडियानाची माती चिकण. थंडी ओसरताना रात्री गोठते, दिवसा विरघळते. अशा वाटेवर पाचशे किलोचा घोडा आणि वर स्वार गेला की खूर वीतभर रुततो. पुढचा स्वार चिखल टाळायला कडेनं घालतो, त्याच्या मागचा आणखी कडेनं, आणि दोन फुटांच्या वाटेचा वीस फुटांचा राडा होतो. शिकलेले स्वार म्हणून चिखलातून मधोमध, एकामागोमाग एक जातात. तरीही ओल्या दिवसांत वाटा बंद ठेवाव्यात असंच माझं मत झालं, आणि ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी मान्य केलं, पण म्हणाल्या, “बंद करतात तेव्हा कायमच्या बंद होतील अशी आम्हांला भीती वाटते. म्हणून लोक चिडतात.” ही भीती मला समजते. दुसरा वाद पैशाचा. जवळच्या हूझियर नॅशनल फॉरेस्टमध्ये घोडेस्वारांना आणि सायकलस्वारांना वाटांचा परवाना विकत घ्यावा लागतो, चालणाऱ्यांना नाही. घोडा जास्त झीज करतो हे उघड आहे, आणि तो पैसा वाटांवर खर्च होत असेल तर मला ते रास्त वाटतं.

त्या वनाचा इतिहास या वादाला वेगळी खोली देतो. आज जिथं घनदाट झाडी आहे तिथं शंभर वर्षांपूर्वी शेतं होती. एकोणिसाव्या शतकात वसाहतवाल्यांनी टेकड्या उघड्या केल्या, उतारावर नांगर घातला, आणि दोन-तीन पिढ्यांत माती ओढ्यांना मिळाली. मंदीच्या काळात कुटुंबं घरं सोडून गेली. राज्यानं आणि केंद्राच्या वनखात्यानं ती पडीक जमीन विकत घेतली, सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी झाडं लावली, रस्ते-मनोरे बांधले. हिकरी रिज नावाचा ११० फुटी आगपहारा मनोरा १९३६ सालचा, अजून उभा आहे. त्याच्या भोवतीचं सुमारे १३,००० एकरांचं रान १९८२ मध्ये ‘वाइल्डरनेस’ म्हणून राखलं गेलं, त्याला इंडियानाचे पहिले राज्य वनाधिकारी चार्ल्स डीम यांचं नाव आहे. रानाच्या तोंडाशी ब्लॅकवेल नावाचा घोड्यांचा कॅम्प. आतल्या वाटांपैकी पुष्कळशा म्हणजे त्या गेलेल्या शेतकऱ्यांचे जुने गाडीरस्ते. मधेच घराचा दगडी पाया लागतो, मधेच चार-दोन थडग्यांची दफनभूमी. घोड्यावरून जाणारी माणसं तिथं जरा थांबतात, कलंडलेला दगड दिसला तर कॅम्पवर येऊन सांगतात.

३ सप्टेंबर १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यानं अशा राखीव रानांत मोटार, यंत्र आणि यांत्रिक वाहन वर्ज्य केलं. त्यात सायकलही आली. घोडा आणि खेचर चालतं. याचा एक परिणाम फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. वाटेवर झाड पडलं तर यांत्रिक करवतही चालत नाही. दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओढायची लांब करवतच लागते, आणि ती करवत, कुऱ्हाडी, माणसांचं जेवण हे सगळं आत न्यायला पाठीवर ओझं वाहणारं जनावर लागतं. मोंटाना राज्यातल्या बॉब मार्शल वाइल्डरनेससारख्या अफाट रानात तर त्यावाचून गत्यंतर नाही. त्याच राज्यात नाइनमाइल इथं वनखात्यानं १९३० मध्ये खेचरांचा तळ काढला, वणवे विझवणाऱ्यांना रसद पोचवायला. आणि १९७३ मध्ये तिथल्याच फ्लॅटहेड खोऱ्यातल्या घोडेवाल्यांनी एकत्र येऊन ‘बॅक कंट्री हॉर्समेन’ ही संघटना सुरू केली. रानात घोडा नेण्याचा हक्क टिकवायचा असेल तर रानाची चाकरी केली पाहिजे, हा त्यांचा विचार. आज तिच्या शाखा देशभर आहेत. खेचरावर दोन बाजूंना दोन पेट्या लादतात तेव्हा काट्यावर वजन करतात. किलोभराचाही फरक राहू देत नाहीत, कारण दहा मैलांत त्या फरकानं खोगीर सरकतं आणि पाठ सोलली जाते. मला हे फार आवडलं. हक्काच्या गोष्टी बोलणारी माणसं जनावराच्या पाठीसाठी पेट्या तोलत बसलेली.

कॅम्पमध्ये बायका जास्त दिसल्या आणि पन्नाशी-साठी उलटलेल्या जास्त दिसल्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी टेनेसी वॉकिंग हॉर्स, मिसुरी फॉक्स ट्रॉटर अशा जाती आहेत. दुडकीतले हिसके त्यांच्या चालीत नाहीत. आपल्याकडे जिला रवाळ म्हणतात तशी त्यांची चाल, स्वार हलत नाही. काही जणी पुढच्या आठवड्यात दक्षिण इलिनॉयला जाणार होत्या. तिथं शॉनी नॅशनल फॉरेस्टमधून ओहायो नदीपासून मिसिसिपीपर्यंत सुमारे १६० मैलांची ‘रिव्हर टू रिव्हर’ वाट गेली आहे, आणि तिच्या आजूबाजूला लोकांनी खासगी जागेत घोड्यांचे कॅम्प काढले आहेत. पिकअप, ट्रेलर, चारा, नालबंद, डॉक्टर असा सगळा खर्च बघता हा छंद स्वस्त नाही. बस चालवणाऱ्या बाईंनी तो कसा निभावला असं विचारलं तर म्हणाल्या, नवीन गाडी कधी घेतली नाही.

घोड्यावर संसार टाकून मुक्काम करत हिंडणारे लोक आपल्याकडे आहेतच, फक्त ते सहलीला निघालेले नसतात. धनगरांचा वाडा हलतो तेव्हा भांडी, वाकळा, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरं आणि कधी कधी लहान मूल असं सगळं घोड्याच्या पाठीवर चढतं. दख्खनच्या या काटक भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर अलीकडेच नोंद झाली. तो टिकला त्यात या फिरत्या बिऱ्हाडांचा मोठा वाटा आहे. त्यांच्या मुक्कामाचा व्यवहार मात्र अगदी उलटा. शेतकरी वाड्याला रानात बसवून घेतो ते मेंढ्यांच्या लेंड्या शेतात पडाव्यात म्हणून, आणि त्याबद्दल धान्य देतो. इंडियानात एक घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो आणि ती घमेल्यानं उचलून ठरलेल्या जागी नेऊन टाकणं हे पाहुण्याचं कर्तव्य. मी हे सांगितलं तेव्हा केंटकीची मैत्रीण दाताळं हातात धरून थांबली आणि धनगरांविषयी तिनं खूप प्रश्न विचारले. मेंढ्या किती, घोड्याला दाणा कोण देतं, नाल मारतात का, बायका स्वतः लादतात का. लादतात, बायकाच लादतात, म्हटल्यावर तिनं समाधानानं मान हलवली.

निघायच्या दिवशी तीन तास आवराआवरीत गेले. खुरांनी पडलेले खळगे बुजवले, सांडलेलं गवत झाडून घेतलं, बादल्या धुतल्या. घोडी सगळ्यांत शेवटी ट्रेलरमध्ये चढवली, उगीच ताटकळायला नको म्हणून. हे चालू असताना बाई भाच्याला डीमच्या रानाविषयी सांगत होत्या. वाळलेले अॅश वृक्ष आता दर वादळात कोसळतात. हिवाळा संपेपर्यंत वाटांवर किती आडवे झालेले असतील ते सांगता येत नाही, आणि तिथं हातकरवतीशिवाय काही चालत नाही. मार्चमध्ये त्यांचा गट जाणार आहे. घोडा नसलेल्या माणसाला येता येतं का, असं भाच्यानं विचारलं. करवत धरायची तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं, बाई म्हणाल्या, पण कापलेले ओंडके वाटेवरून ढकलायला आणि फांद्या ओढायला माणसं नेहमीच कमी पडतात. जाड हातमोजे आण, आणि जेवण आमच्या खेचरावर टाक. त्यानं तारीख फोनमध्ये घातली आणि कोलंबसच्या मराठी मंडळातल्या आणखी दोघांना विचारतो म्हणाला.